तोंडी आणि तोंडपाठ

मराठीत ‘तोंड’ या शब्दापासून परीक्षेच्या व्यवहारातले दोन शब्द निघाले आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. ‘तोंडी’ परीक्षेत समोरच्याने विचारायचे आणि आपण तिथल्या तिथे सुचेल ते, जमेल तसे सांगायचे. ‘तोंडपाठ’ म्हणजे सांगायचे ते आधीच ठरलेले. विचारणारा असला काय, नसला काय, त्याने काही बिघडत नाही. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची तयारी आपल्याकडे कशी होत आली याचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा हे दोन शब्द आम्हांला वाटाड्यासारखे उपयोगी पडले. तोंडी परीक्षेची तयारी तोंडपाठ करून करायची, ही सवय आपल्याला केव्हा आणि का लागली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. बदलापूरच्या परिसरातील चामटोलीसारख्या गावातल्या मुलाला आयुष्यात निदान एकदा, आणि पुष्कळदा दोनदा, इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. पहिली शाळेत, दहावीच्या वीस गुणांची. दुसरी, परदेशी शिक्षणासाठी किंवा परिचारिकेच्या नोकरीसाठी जायचे ठरले तर, आयईएल्टीएससारख्या परीक्षेतील संभाषणाच्या विभागाची. पहिलीत बहुधा सगळेच उत्तीर्ण होतात. दुसरीत अर्ध्या गुणाने एखाद्याचे वर्ष आणि घरच्यांनी जमवलेले पैसे अडकून पडतात. एकाच भाषेच्या या दोन परीक्षांमधले अंतर कशामुळे पडले, हे समजून घ्यायचे तर मागे जावे लागते.

दादाभाई नौरोजींनी उतारवयात आपल्या शाळकरी दिवसांची एक आठवण लिहून ठेवली आहे. मुंबईतील शाळेत एका परीक्षेत त्यांच्या वर्गबंधूने पुस्तक पाठ करून पहिले बक्षीस पटकावले. पण बक्षीस समारंभाच्या वेळी त्याला पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारले गेले, तेव्हा तो अडखळला. दादाभाई रांगेतून पुढे झाले आणि त्यांनी उत्तरे दिली. श्रोत्यांतील एका इंग्रज गृहस्थाने त्यांना तिथेच स्वतःकडून बक्षीस दिले. एका इंग्रज प्रवासी लेखिकेने पश्चिम भारतावरील आपल्या पुस्तकात या प्रसंगाची नोंद केली, असेही दादाभाई सांगतात. या गोष्टीत दोन परीक्षा आहेत. एकीत पाठांतर जिंकले, दुसरीत हरले. आणि मुले दोन्ही वेळा तीच होती. दुसऱ्या खेपेस विचारणारा पुस्तकाबाहेर गेला, एवढाच काय तो फरक. परीक्षकाने पुस्तकाबाहेर जायचे ठरवले तरच तोंडी परीक्षा तोंडी राहते, हा धडा या आठवणीत आहे.

याच दादाभाईंच्या पिढीने १८४८ साली एल्फिन्स्टनच्या वर्तुळात ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदांनी निबंध वाचायचा आणि इतरांनी त्यावर चर्चा करायची, असा तिचा परिपाठ होता. निबंध लिहून आणता येई. त्यावर कोणता आक्षेप येईल हे मात्र आधी लिहून आणता येत नसे. इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी शाखाही निघाल्या, म्हणजे एकच विषय परक्या भाषेत मांडायचा आणि आपल्या भाषेतही लोकांसमोर न्यायचा. त्या चर्चांतून पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, सभासदांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. संभाषणाच्या सरावाचे इतके भरीव फळ त्यानंतर क्वचितच दिसले असेल. त्या तरुणांना इंग्रजी येत होते म्हणून ते बोलले, हे खरे आहे. पण बोलण्याजोगे काही होते आणि ऐकून हरकत घेणारे कोणी होते, म्हणून त्यांचे इंग्रजी तयार झाले, हेही तितकेच खरे आहे.

१८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. यापुढे शिक्षणाचा केंद्रबिंदू हळूहळू छापील प्रश्नपत्रिका आणि लेखी उत्तरपत्रिका यांच्याकडे सरकला. या बदलाची निंदा करणे सोपे आहे, पण ती पूर्ण न्यायाची होणार नाही. लेखी परीक्षेने एक मोठी गोष्ट साधली. उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो. तिला आवाज नसतो. आपल्या समाजात तोंड उघडताच माणसाचे गाव, घर आणि पुष्कळदा जातही उघडी पडते. न आणि ण यांचा घोटाळा झाला की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. अशा समाजात ज्याचा चेहरा आणि उच्चार परीक्षकाला ठाऊक नाही, त्यालाच कागदाचे सर्वांत मोठे संरक्षण होते. तोंडी परीक्षा मागे पडली त्यात परीक्षार्थींची वाढती संख्या होती, खर्च होता. तसेच तोंडदेखल्या न्यायाबद्दलचा रास्त संशयही होता. तोंडी परीक्षेचा पुरस्कार करणाऱ्या कोणालाही या संशयाला उत्तर द्यावे लागते, आणि ते आम्हीही पुढे टाळणार नाही.

कागदाची किंमत मात्र मोजावी लागली. इंग्रजी ही लिहायची आणि भाषांतर करायची भाषा झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या. त्या पुस्तकाची शिस्त वादातीत आहे, पण त्यात वाक्य मनात मराठीत जुळवायचे, मग त्याचे तुकडे करून इंग्रजीत मांडायचे, असा संथ व्यवहार होता. कागदावर हे चालते, कारण कागद थांबतो. बोलताना समोरचा माणूस थांबत नाही. ही उणीव त्याही काळी जाणवली होती. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन यांनी १९११ साली भारतीय शाळांतील इंग्रजीच्या ‘डायरेक्ट’ अध्यापनावर पुस्तक लिहिले. मातृभाषेचा टेकू न घेता, वस्तू आणि कृती यांच्या आधाराने भाषा तोंडी रुजवावी, असा त्या पद्धतीचा आग्रह. आज मात्र रेन हे नाव आपल्या घरोघरी ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणासाठी ठाऊक आहे. तोंडी पद्धतीचा पुरस्कर्ता व्याकरणाच्या जाड पुस्तकाने अमर व्हावा, यात आपल्या शिक्षणव्यवस्थेने काय उचलले आणि काय सोडले याचा सगळा हिशेब आला.

परीक्षेच्या या मुख्य प्रवाहाबाहेर इंग्रजी बोलण्याची खरी कसोटी दुसरीकडेच लागत होती. चामटोलीहून मुंबईच्या दिशेने जाताना बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर मागे टाकले की कल्याण लागते. तेथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अमेरिकेस वैद्यकी शिकायला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत इंग्रजीतून भाषण केले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. अमेरिकेला का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय कराल, संकट आले तर काय, आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करता, असे लोक त्यांना विचारीत असत. आनंदीबाईंनी हेच प्रश्न एकेक करून पुढे घेतले आणि त्यांची उत्तरे दिली.

हे भाषण त्यांनी तयार केले होते, यात शंका नाही. पण ती तयारी कोणत्या जातीची होती हे पाहावे. प्रश्न छापील पुस्तकातले नव्हते. रस्त्यावर, शेजारीपाजारी, आप्तांमध्ये ते खरोखरच विचारले गेले होते, आणि टोचण्यासाठी विचारले गेले होते. इंग्रजीची बैठक गोपाळरावांच्या कडक शिकवणुकीतून आली, तशीच ती १८८०पासून अमेरिकेतील मिसेस कार्पेंटर यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारातूनही आली. हजारो मैलांवर का होईना, एक माणूस होते ज्याला यांचे म्हणणे ऐकायचे होते आणि जे उलट विचारीत होते. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाईंनी १८८६ मध्ये पदवी घेतली. त्या पदवीच्या आधी श्रीरामपूरची ती तोंडी परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या होत्या, आणि तिथे गुण देणारे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सायमन कमिशनसमोर ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात त्यांची साक्ष झाली. लेखी निवेदन आधी सादर झाले होते. साक्षीत मात्र आयोगाचे सदस्य वाटेल तिथून प्रश्न विचारीत होते. आवाज ओळखला गेला तर अन्याय होईल, या भीतीचा उल्लेख आम्ही वर केला. इथे तर आवाज कोणाचा आहे हे मुद्दाम सांगूनच बोलायचे होते. ज्या समाजाला बोलू दिले गेले नव्हते त्याच्या वतीने दिलेली ती उत्तरे होती, आणि त्यांमागे पाठांतर नव्हे तर विषयावरची हुकमत उभी होती. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यापेक्षा अधिक माहीत असले की परक्या भाषेतही त्याची बाजू लंगडी पडत नाही, हे या साक्षीवरून दिसते.

आता जगाकडे थोडे पाहू. परकीयांसाठी इंग्रजीची प्रमाणपत्र परीक्षा केंब्रिजने १९१३ साली सुरू केली. बारा तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर, निबंध, साहित्य आणि ध्वनिशास्त्र यांबरोबर श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषण असा तोंडी भागही होता. पहिल्या वर्षी तीन परीक्षार्थी बसले आणि तिघेही नापास झाले. तरीही तोंडी भाग टिकला. अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. १९६४ साली सुरू झालेल्या टोफेल परीक्षेत बोलण्याचा विभागच नव्हता. हजारो उमेदवारांचे बोलणे ऐकणार कोण आणि सर्वांना एकच माप लावणार कसे, ही अडचण होती; आपल्याकडे तोंडी परीक्षा मागे पडण्याची कारणे याहून फारशी वेगळी नव्हती. टोफेलच्या मुख्य परीक्षेत बोलणे अनिवार्य झाले ते २००५ मध्ये इंटरनेटवरील नवी परीक्षा आली तेव्हा, आणि तेही ध्वनिग्राहकासमोर. १९८९ साली सुरू झालेल्या आयईएल्टीएसने मात्र समोरासमोरचा परीक्षक कायम ठेवला.

या परीक्षेचा संभाषण विभाग अकरा ते चौदा मिनिटांचा असतो आणि त्याचे तीन भाग पडतात. पहिल्यात घर, काम, शिक्षण अशा ओळखीच्या गोष्टी. दुसऱ्यात एक विषय लिहिलेले कार्ड हाती देतात. तयारीला एक मिनिट, मग उमेदवाराने दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचे. तिसऱ्या भागात परीक्षक त्याच विषयाचा धागा धरून पुढचे प्रश्न विचारतो. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखेच वजन असते. उच्चारात विलायती ढब मागितलेली नाही. बोललेले सहज कळावे, इतकीच अपेक्षा. या रचनेत सर्वांत महत्त्वाचा आहे तो तिसरा भाग. दुसऱ्या भागातले उत्तर कोणी तोंडपाठ करून आणले असेल, तर तिसऱ्यात ते उघडे पडते. दादाभाईंच्या वर्गबंधूवर आलेला प्रसंगच येथे नियमाने बांधून ठेवला आहे.

आणि तरीही आपल्याकडे या परीक्षेची तयारी बहुतेक ठिकाणी तोंडपाठाचीच असते. ठराविक विषयांवरची तयार उत्तरे, कोणत्याही विषयाला जोडता येतील अशी सुरुवातीची वाक्ये, भारदस्त शब्दांच्या याद्या. बदलापुराहून मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या सुमारे अडुसष्ट किलोमीटरच्या लोकलप्रवासात अशा याद्या पुटपुटणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या शाळेने बारा वर्षांत एकदाही पुस्तकाबाहेरचा प्रश्न इंग्रजीत विचारला नाही, त्या शाळेचा विद्यार्थी दुसरे काय करणार?

येथे आपण दहावीच्या वीस गुणांपाशी येऊन पोहोचतो. राज्याने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. दहावीला भाषाविषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी, अशी विभागणी काही वर्षे चालली. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, अशी तक्रार वाढली आणि २०१८–१९ या वर्षी ते काढून टाकण्यात आले. जून २०१९ मध्ये निकाल लागला तो ७७.१० टक्के, आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. सव्वाबारा टक्क्यांच्या आसपासची ही घसरण आणि अकरावी प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांशी होणारी तुलना यांवरून ओरड झाली, समिती नेमली गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तोंडी गुण परत आणण्याचा निर्णय झाला. या साऱ्या वादात वीस गुण गेले तर किती टक्के घटतात आणि आले तर किती वाढतात, याची चर्चा कंठरवाने झाली. त्या वीस गुणांसाठी मूल काय बोलते, कोणाशी बोलते, ही चर्चा आमच्या तरी ऐकिवात आली नाही. तोंडी परीक्षा परत आली ती टक्केवारीच्या दाराने.

योगायोग असा की याच दोन घटनांच्या मधोमध चामटोली हे नाव देशभर ऐकू गेले. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोलीच्या शिवारात, अडकून पडली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि इतर यंत्रणांनी हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. गावकरीही मदतीला धावले. त्या दिवशी पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाजवळ सांगण्यासारखे जे होते, ते कोणत्याही परीक्षकाजवळ नव्हते. पाणी कुठवर चढले, कोणत्या वाटेने माणसे नेली, रात्रभर डब्यात बसलेले लोक बाहेर आल्यावर कसे दिसत होते, मदत करताना आपण घाबरलो का. पाहिलेला प्रसंग सांगा, कोणाला केलेली मदत सांगा, या धर्तीचे विषय संभाषणाच्या परीक्षांत नेहमीचेच आहेत. अशा मुलाला वीस गुणांसाठी ‘माझा आवडता सण’ पाठ करून यायला सांगणे, हे त्याच्याजवळचे सोने टाकायला लावून हाती पितळ देण्यासारखे आहे.

या मुलाची वाट अवघड आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. या पट्ट्यात आगरी बोलणारी घरे आहेत, ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. जवळच्या उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची भाषा आहे. यांतल्या पुष्कळ मुलांना पाठ्यपुस्तकातली मराठीसुद्धा शाळेतच भेटते. इंग्रजी ही त्यांच्यासाठी दुसरी नव्हे, तिसरी भाषा. पण एका भाषेतून दुसरीत जाऊन बोलण्याची कसरत ही मुले रोज शाळेच्या दारात करतात. ‘असे बोलू नये’ म्हणून आपण ज्या बोलीला गप्प करतो, तिच्याबरोबर बोलण्याचे धाडसही गप्प होते. मग तेच धाडस आपण इंग्रजीच्या तासाला परत मागतो. मराठीत ज्याचे ऐकून घेतले गेले नाही, तो इंग्रजीत अचानक बोलू लागेल, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

आता वर उल्लेखिलेल्या संशयाला उत्तर द्यायला हवे. तोंडी परीक्षेत पक्षपाताची भीती आहे, ती खरी आहे. आयईएल्टीएससारख्या परीक्षांनी तिच्यावर काही उपाय शोधले: गुण कशाला द्यायचे हे आधी लिहून जाहीर करणे, संभाषण ध्वनिमुद्रित करणे, परीक्षकांना वेळोवेळी प्रशिक्षण देणे. यांतला पहिला उपाय आपल्या कोणत्याही शाळेला फुकटात करता येईल. मुलाचे म्हणणे कळले का, विचारल्याला धरून ते बोलले का, अडले तेव्हा दुसऱ्या शब्दांनी वाट काढली का, एवढे तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवले आणि उच्चारावरून घर ओळखण्याची सवय सोडली, तरी पुष्कळ न्याय होईल. सरसकट अठरा-एकोणीस गुण देऊन आपण मुलांवर उपकार करतो असे वाटते. वस्तुतः आपण त्यांचे न ऐकताच त्यांना पुढे पाठवतो, आणि ऐकणारा पहिला माणूस त्यांना पुढे भरमसाट शुल्क भरून भेटतो.

साहित्याच्या शिक्षकांकडे आम्ही हे गाऱ्हाणे विशेषत्वाने नेत आहोत, कारण कवितेचा अर्थ, पात्राचा स्वभाव, कथेचा शेवट यांवर मतभेद घडवून आणणे हे त्यांचे रोजचे काम आहे. संभाषणाची तयारी म्हणून वेगळे काही मागवावे लागत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला माहीत नाही आणि विद्यार्थ्याला माहीत असू शकते, असा एक प्रश्न रोज एका विद्यार्थ्याला इंग्रजीत विचारावा, त्याचे तुटके उत्तर शेवटपर्यंत ऐकावे आणि त्यावर आणखी एक प्रश्न विचारावा. तो दुसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्याचे उत्तर मूल घरून पाठ करून आणू शकते. दुसऱ्याचे उत्तर त्याला वर्गातच, आपल्यासमोर, स्वतःच तयार करावे लागते.